मुलाच्या फुटबॉलच्या फॉर्मवर सही करू की नको?

पत्र थोडक्यात असं. डॅलसच्या उत्तरेला राहणारी एक मराठी आई. तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा 14 वर्षांचा, ऑगस्टपासून नववीत म्हणजे तिथल्या हायस्कूलला जाणार. सातवी-आठवीत शाळेच्या टीममधून टॅकल फुटबॉल, म्हणजे समोरच्याला धरून पाडतात तो अमेरिकन फुटबॉल, खेळला, अंगाने दणकट आहे म्हणून कोचने लाइनमध्ये, म्हणजे समोरच्या टीमला थेट धडकणाऱ्या पुढच्या रांगेत, खेळायला बोलावलंय. शाळेचे फॉर्म आलेत, त्यात डोक्याच्या दुखापतीची माहिती आम्ही वाचली असं पालकांनी सही करून द्यायचा एक कागद आहे, तो तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडलाय. नवऱ्याचं म्हणणं, खेळू दे, इथल्या मुलांत मिसळायचं तर हाच रस्ता, पुढे कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल, आणि आम्ही गल्लीत सीझन बॉलने खेळलो तेव्हा काय कमी लागलं होतं. आईचं म्हणणं, एनएफएलवर (तिथली व्यावसायिक फुटबॉलची लीग) डोक्याच्या दुखापतींवरून एवढ्या केसेस झाल्या, हा खेळ दहा वर्षांनी राहतो की नाही तेच माहीत नाही, मग बंद पडणाऱ्या खेळासाठी पोराचं डोकं कशाला पणाला लावायचं. मुलगा दोघांशीही धड बोलत नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी: "मागच्या सीझनला एका मॅचमध्ये तो चुकून समोरच्या टीमच्या हडलमध्ये जाऊन उभा राहिला होता, हे मला परवा त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं, सगळे खूप हसले म्हणे. ताई, सांगा, सही करू का?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या हडलच्या ओळीपाशी थांबले. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हडल म्हणजे पुढची चाल ठरवायला एका टीमची मुलं खांद्याला खांदा लावून घोळका करतात तो. दुसऱ्या रंगाच्या जर्सीवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभं राहणं ही गंमत नाहीये हो. डोक्याला मार बसून मेंदू हादरला, ज्याला कन्कशन म्हणतात, त्याचं हे अगदी ठळक लक्षण आहे, मुलाला आपण कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत ते काही क्षण कळत नाही. तुम्ही केसेसबद्दल दीड पान लिहिलंय, नवऱ्याच्या म्हणण्यावर एक पान, आणि याच्यावर एक ओळ. मला वाटतं तुमच्या मनालाही ते खटकलंय, नाहीतर तुम्ही ते लिहिलंच नसतं.

माझा धाकटा भाऊ शाळेत कबड्डी खेळायचा. तालुक्याच्या मॅचला एकदा पकडीत त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं, सरांनी तोंडावर पाणी मारलं, पाठ थोपटली, परत पाठवलं, आणि तो आपल्याच कोर्टात उभा राहून कबड्डी कबड्डी करत राहिला. सगळे हसले, मी पण हसले. मग वर्षानुवर्षं आमच्याकडे पाहुणे आले की जेवताना तो किस्सा व्हायचा. त्या मॅचनंतर तो दोन दिवस खिडकीला चादर लावून अंधारात पडून होता, उजेड सहन होत नाही म्हणायचा, ते मात्र कोणी सांगायचं नाही. तो सुदैवाने बरा आहे. पण आता या विषयावर एवढं वाचल्यावर तो किस्सा मला ऐकवत नाही.

म्हणून तुमच्या सहीच्या प्रश्नाकडे यायच्या आधी एक काम. त्याला डॉक्टरकडे न्या, नेहमीच्या पीडियाट्रिशियनला सांगा की असं असं झालं होतं, तेव्हा तपासलं नव्हतं, आणि शक्य असेल तर कन्कशन बघणाऱ्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे पाठवायला सांगा. त्यानंतरच्या महिन्यांत मार्क घसरले का, चिडचिड वाढली का, डोकं दुखायचं का, झोप बिघडली का, हे दोघांनी बसून आठवा आणि लिहून न्या. तो तुमच्याशी धड बोलत नाही असं तुम्ही लिहिता आणि त्याचं कारण तुमच्या दोघांचं भांडण आहे असं धरून चालता. असेलही, 14 वर्षांची पोरं तशीही आईबापाशी बोलत नाहीत, पण हे कधीपासून सुरू झालं ते एकदा कॅलेंडर समोर ठेवून बघा. मी डॉक्टर नाही, मी निदान करत नाहीये, बघा एवढंच म्हणते.

आता केसेस. तुमच्या सगळ्या मुद्द्याचा पाया तो आहे, आणि तिथे मला तुमच्याशी थोडा वाद घालायचाय.

खेळ बंद पडणार हे तुम्ही गृहीत धरलंय. तसं दिसत नाही. एनएफएलवर माजी खेळाडूंच्या केसेस 2011 मध्ये सुरू झाल्या, बघता बघता साडेचार हजारांच्या वर खेळाडू त्यात आले, 2012 मध्ये सगळ्या केसेस फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात जज अनिता ब्रॉडी यांच्यासमोर एकत्र केल्या गेल्या. 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरचा समझोता ठरला, जजबाईंनी तो लगेच मान्य केला नाही, एवढ्या हजारो लोकांना एवढे पैसे पुरतील का अशी त्यांना शंका होती, मग ती वरची मर्यादा काढली गेली आणि एप्रिल 2015 मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. वीस हजारांच्या आसपास निवृत्त खेळाडू त्यात येतात, एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार, झालेल्याला जास्तीत जास्त 50 लाख डॉलर, अल्झायमर किंवा पार्किन्सन्सला 35 लाख, आणि आतापर्यंत एक अब्ज डॉलरच्या वर वाटून झालेत. ऐकायला केवढी रक्कम, पण लीगची एका वर्षाची कमाई 20 अब्जांच्या वर आहे आणि 2021 मध्ये टीव्हीवाल्यांशी 11 वर्षांचे जे करार झाले ते 100 अब्जांच्या वरचे. फेब्रुवारी 2025 चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, अमेरिकेत 12 कोटींच्या वर लोकांनी बघितला. अशी लीग कोर्टकचेरीने बंद पडत नाही. शिवाय समझोता म्हणजे कबुली नव्हे, आमची चूक झाली असं एनएफएलने त्यात कुठेही मान्य केलेलं नाही, आणि खटला पुराव्यानिशी शेवटपर्यंत चाललाच नाही.

कॉलेजचं पण तसंच. तुमच्याच डॅलसमध्ये जून 2018 मध्ये एक खटला उभा राहिला होता, 1969 च्या टेक्सस लॉंगहॉर्न्सच्या चॅम्पियन टीममधला ग्रेग प्लोट्झ, तो वारल्यावर बायकोने एनसीएएवर, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेवर, केस केली, तिसऱ्याच दिवशी समझोता होऊन खटला थांबला. हा माणूस पण लाइनमध्येच खेळायचा. नंतर 2022 मध्ये लॉस एंजेलिसला मॅथ्यू गी या खेळाडूच्या बायकोची केस मात्र ज्यूरीपर्यंत गेली, अशी पहिलीच, आणि ज्यूरीने निकाल एनसीएएच्या बाजूने दिला. तेव्हा कोर्ट हा खेळ बंद करेल आणि मग आपल्याला निर्णय घ्यावाच लागणार नाही, ही जी तुमची मनातली आशा मला दिसते (रागावू नका) ती सोडून द्या. खेळ राहणार आहे, शुक्रवारची संध्याकाळ आली की तुमच्या बाजूला स्टेडियमचे लाइट लागणार आहेत.

तरीपण या केसेस निरर्थक नाहीत, त्यातून घरात घेण्यासारखं एक आहे आणि ते पैशाबद्दल नाहीये. मुळात भांडण कशाचं होतं बघा. डोक्याला मार बसतो हे खेळाडूंना माहीतच होतं, त्याबद्दल कोणी कोर्टात गेलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की या माराचा पुढे वीस-तीस वर्षांनी काय परिणाम होतो ते तुम्हाला कळत होतं, आणि आम्हाला सांगितलं नाहीत. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर, चार सुपर बोल जिंकलेला सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध खेळणारा, हॉल ऑफ फेममधला माणूस, शेवटी शेवटी आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा, 2002 मध्ये 50 व्या वर्षी गेला. तिथल्या कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसमधल्या बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि त्याला सीटीई सापडला, म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूच्या पेशी हळूहळू खराब होत जाणारा आजार. 2005 मध्ये त्याने ते छापलं, तर लीगच्याच कमिटीतल्या डॉक्टरांनी तो पेपर मागे घ्या म्हणून मागणी केली. त्या कमिटीचा पहिला अध्यक्ष तर सांधेदुखीचा डॉक्टर होता. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की लीगच्याच पेन्शन बोर्डाने 1999 मध्ये वेबस्टरला अपंगत्वाचे पैसे मंजूर करताना लिहून दिलं होतं की याची ही अवस्था खेळात डोक्याला बसलेल्या मारामुळे झाली. एका टेबलावर मान्य आणि दुसऱ्या टेबलावर पुढची दहा वर्षं नाही नाही. लीगच्या मोठ्या अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे असं सरळ मान्य केलं ते मार्च 2016 मध्ये, अमेरिकन काँग्रेसच्या लोकांसमोर.

समझोता झाल्यावर पण संपलं नाही. पैसे ठरवताना स्मरणशक्तीच्या ज्या चाचण्या व्हायच्या त्यात काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी असं धरून मार्क लावले जायचे, म्हणजे त्यांची झीज झाली हे सिद्ध करणं आणखी अवघड. केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोघांनी 2020 मध्ये त्यावर केस केली तेव्हा ते बाहेर आलं आणि नंतर ते सूत्र काढावं लागलं. हे वाचून माझा संताप झाला होता, अजून होतो.

तर लपवणं. सगळ्या खटल्यांच्या मुळाशी ते आहे, आणि तुमच्या घरात आत्ता तेच चाललंय. मुलाने लपवलं कारण त्याला माहीत आहे की आईला कळलं तर खेळ बंद. मित्रांनी लपवलं कारण मित्र आहे. वडिलांना माहीत होतं का? विचारा त्यांना, भांडणासाठी नव्हे, पण विचारा. आणि तुम्ही पण कागद ड्रॉवरमध्ये ठेवून न बोलण्याचाच मार्ग धरलाय ना. तुम्ही सही केलीत काय, नाही केलीत काय, मार लागल्यावर पोरगं सांगणार नसेल तर दोन्हीचा उपयोग नाही, कारण टॅकल नाही तर तो सॉकर खेळेल, बास्केटबॉल खेळेल, स्केटबोर्डवर चढेल, डोकं तिकडेही आपटतं. मुलींच्या सॉकरमध्ये कन्कशनचं प्रमाण किती आहे ते पाहिलंत तर दचकाल.

न सांगण्याची किंमत काय असते त्याचं एक उदाहरण तुमच्या मुलाच्याच वयाचं आहे. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड, 2006 साली 13 वर्षांचा, मॅचमध्ये डोकं आपटलं, थोडा वेळ बाहेर बसला, परत खेळला, आणि मॅच संपल्यावर मैदानातच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला, पण बोलायला, हलायला परत शिकायला वर्षं गेली. त्याच्या नावाने 2009 मध्ये तिथे कायदा झाला, की संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले. टेक्ससचा 2011 चा आहे, नताशाज लॉ म्हणतात, तो एका सॉकर खेळणाऱ्या मुलीच्या नावाने आहे. त्या कायद्याप्रमाणे तुमच्या मुलाला त्या मॅचला त्याच मिनिटाला बाहेर काढायला हवं होतं. तिथे मोठी माणसं होती, त्यांनी बघितलं, ती हसली. आधीचा धक्का भरून आलेला नसताना दुसरा बसणं हे मुलांच्या मेंदूला फार धोक्याचं असतं, म्हणून मी एवढी मागे लागलेय.

आता तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलते, कारण पत्रात तुम्ही त्यांचं म्हणणं जरा उडवूनच लावलंय. इथल्या मुलांत मिसळायचं तर हाच रस्ता, हे वाक्य हलकं नाहीये. तुमच्या शेजारच्या ॲलनमध्ये हायस्कूलच्या पोरांसाठी 6 कोटी डॉलरचं, 18 हजार लोक बसतील असं स्टेडियम बांधलंय, तिथे शुक्रवारी अख्खं गाव जमतं, बँड वाजतो, आणि आपल्या पोराचं आडनाव माइकवरून नीट न उच्चारता का होईना पण हजारो लोकांसमोर घेतलं जातं, तेव्हा ऑफिसमध्ये वर्षानुवर्षं बाहेरचा म्हणून वावरलेल्या बापाला काय वाटत असेल याचा विचार करा. ते त्यांचं स्वप्न आहे, त्याला मूर्खपणा म्हणू नका. पण त्यांनाही हे सांगा की स्कॉलरशिपचं गणित फार कच्चं आहे. देशभरात दहा लाखांच्या घरात मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात, त्यातली शंभरात सातेक मुलं पुढे एनसीएएच्या कुठल्यातरी कॉलेज टीममध्ये जातात आणि त्यातही सगळ्यांना स्कॉलरशिप नसते, छोट्या डिव्हिजनला तर खेळाची स्कॉलरशिपच मिळत नाही. तेवढ्याच मेहनतीत अभ्यासावर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि गल्लीतल्या सीझन बॉलची तुलना लागू होत नाही हो. चेंडू चुकून लागायचा. लाइनमध्ये खेळणाऱ्याचं कामच प्रत्येक चालीला समोरच्याला धडकणं हे आहे.

इथेच दुसरी एक समजूत, तुमच्या दोघांची सारखीच. तुम्ही म्हणता एक कन्कशन झालं की संपलं, ते म्हणतात चांगलं महागडं हेल्मेट घेऊ म्हणजे कन्कशन होणार नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या ॲन मक्की आणि त्यांच्या टीमचं काम बघितलं तर सीटीईचा संबंध एकूण किती वर्षं आणि किती जोरात धक्के बसले याच्याशी जास्त आहे, डॉक्टरने कन्कशन म्हणून नोंदवलेले किती याच्याशी तेवढा नाही. छोटे छोटे धक्के, ज्यांनी काहीच होत नाही, चक्करसुद्धा येत नाही, ते साठत जातात. 2019 मध्ये त्यांनी दाखवलं की साधारण दर 2.6 वर्षं जास्त खेळलं की सीटीईची शक्यता दुप्पट होते. आणि हेल्मेटचं असं आहे, की तुम्ही स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दही नेलंत आणि गाडीने खड्डा घेतला तर डब्याला पोचा येत नाही, पण घरी येऊन झाकण उघडलं की दही मोडून पाणी सुटलेलं असतं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, त्यासाठी ते हवंच, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

तुम्ही जो 111 पैकी 110 चा आकडा लिहिलाय तो खरा आहे, 2017 चा, एनएफएल खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंपैकी किती जणांत सीटीई सापडला त्याचा. 2023 पर्यंत तो 376 पैकी 345 झाला. पण ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडलंय असं दिसलं त्यांनीच मेंदू तपासायला दिले, म्हणून सगळ्या खेळाडूंपैकी एवढ्यांना होतो असा अर्थ काढू नका, संशोधक पण तसं म्हणत नाहीत. आणि त्याच 2017 च्या अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले 14 जण होते, त्यात तिघांना सापडला. म्हणजे नगण्य नाही, आणि ठरलेलं भविष्यही नाही. सीटीईचं निदान जिवंत माणसात अजून खात्रीने करता येत नाही, त्यामुळे एमआरआय नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, आणि पोरगं एक दिवस रागावलं म्हणून त्याला तो आजार झाला असं रात्री दोन वाजता गूगलही करू नका.

खेळाचं भविष्य काय असं तुम्ही विचारलंत ना, मला वाटतं ते तुमच्यासारख्या घरांतच ठरतंय. 2008-09 मध्ये अकरा लाखांच्या वर मुलं हायस्कूल फुटबॉल खेळत होती, पुढच्या दहा वर्षांत लाखभर कमी झाली, नंतर परत थोडी वाढली. छोट्या मुलांच्या लीगवर केसेस झाल्या, विमा कंपन्या डोक्याच्या दुखापतीला कव्हर द्यायला का-कू करायला लागल्या, कॅलिफोर्नियात 12 वर्षांखालच्या मुलांना टॅकल बंद करायचा कायदा येत होता, 2024 च्या जानेवारीत गव्हर्नरने मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. वरच्या पातळीवर नियम बदलतायत, किकऑफ, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्या टीमला देत खेळ सुरू करायची पद्धत, बदलली, प्रॅक्टिसला हेल्मेटवर मऊ टोपी घालायला लावतात, 2024 च्या सीझनला एनएफएलमध्ये 182 कन्कशन नोंदली गेली, 2015 पासून मोजायला लागल्यापासून तोवरची सगळ्यात कमी. चांगलंच आहे. पण त्याच लीगमध्ये मायामीचा तुआ टॅगोवायलोआ 2022 मध्ये रविवारी मैदानात लडखडला, चार दिवसांत परत खेळायला उतरला आणि पुन्हा डोकं आपटून पडला, बोटं वाकडी होऊन ताठ झाली ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. एवढे डॉक्टर, एवढे कॅमेरे असलेल्या ठिकाणी हे होतं, तर शाळेच्या मंगळवारच्या प्रॅक्टिसला कोण बघणार आहे?

आणि एक वाट अशी आहे जी तुम्हा दोघांच्या बोलण्यात कुठेच नाही. फ्लॅग फुटबॉल, ज्यात पाडत नाहीत, कमरेला लावलेली पट्टी ओढली की चाल संपली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ आहे, आणि तो घ्यायचा ठरला आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023 च्या ऑलिंपिक समितीच्या बैठकीत, त्याच दिवशी क्रिकेट पण आलं. तुमच्या नवऱ्याला हे ऐकून बरं वाटेल. लाइनमध्ये धडकणाऱ्या मुलाला फ्लॅगमध्ये तेवढी मजा येईल असं मी म्हणणार नाही, तो वेगळा खेळ आहे, पळण्याचा. पण दणकट मुलांना गोळाफेक आहे, थाळीफेक आहे, टेक्ससमध्ये ट्रॅकला मान आहे, त्याच शाळेचं जॅकेट, त्याच बसमधून प्रवास.

माझं मत विचाराल तर या वर्षी मी टॅकलच्या फॉर्मवर सही केली नसती. मागच्या सीझनला मार बसला, तो तपासला गेला नाही, मुलाने लपवला, आणि ज्या मोठ्यांनी बघायला हवं होतं ते हसले, या चार गोष्टी असताना नाही. हे कायमचं नाही असंही मी त्याला तोंडावर सांगितलं असतं, डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू, एक वर्ष दुसरं काहीतरी खेळ, पुढच्या वर्षी परत तिघं बसून बोलू, आणि ते वर्ष झाल्यावर खरंच बोलायचं हं, शब्द फिरवायचा नाही. एक वर्ष न खेळणं म्हणजे एक वर्ष धक्के न साठणं, ते वाया जात नाही.

पण तुमच्या घरी निर्णय तुमचा आहे, आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं आणि तुम्ही तिघांनी खेळायचं ठरवलं तर निदान आंधळेपणाने सही करू नका. शाळेत जाऊन कोचला भेटा, फोनवर नको. विचारा की प्रॅक्टिसला आणि मॅचला, दोन्हीला, दुखापती बघणारा अथलेटिक ट्रेनर मैदानावर असतो का आणि मुलाला बाहेर काढायचा शेवटचा शब्द त्याचा की कोचचा. आठवड्यात अंगावर जाऊन पाडायची प्रॅक्टिस किती वेळ असते ते विचारा, कारण बरेचसे धक्के तिथेच बसतात आणि ते कमी करता येतात, डार्टमथ कॉलेजने 2010 पासून प्रॅक्टिसमध्ये एकमेकांना पाडणं बंदच केलं, पुतळे आणि नंतर रोबोट पाडायला लागले, आणि तरी नंतर चॅम्पियनशिप जिंकल्या. सीझनच्या आधी स्मरणशक्तीची बेसलाइन टेस्ट, म्हणजे मार लागल्यावर तुलना करायला आधीची नोंद, घेतात का? लाइन सोडून दुसरी कुठली पोझिशन मिळेल का? कोच या प्रश्नांवर वैतागला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. त्या कागदावर सही केली की आम्हाला माहिती दिली होती असा पुरावा शाळेकडे राहतो, म्हणून ती माहिती नुसती वर वर न बघता मुलाला शेजारी बसवून ओळ न ओळ वाचा.

आणि हे फ्रिजवर लावा, ज्यांची मुलं कुठलाही खेळ खेळतात त्या सगळ्यांनीच. मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय कधीच नाही. डोकेदुखी वाढत चालली, सारख्या उलट्या, डोळ्यातली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, बोलणं अडखळणं, आकडी, किंवा उठवून उठत नाही, असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता 911, म्हणजे तिकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन. बाकीच्या वेळेला सुरुवातीचे एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, अभ्यासही हळूहळू, शाळेला कळवून, कारण मेंदूला वाचनाचाही ताण पडतो.

मुलाशी बोलायचं कसं, यावर तुम्ही काही विचारलं नाहीत पण मला तेच सगळ्यात आधी करावंसं वाटतं. समोरासमोर टेबलावर बसवू नका, गाडीतून कुठेतरी नेताना बोला, पोरं गाडीत बोलतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही. वडिलांनी गाडी चालवली तर जास्त चांगलं, आईने घेरलं असं वाटणार नाही. सुरुवातीलाच सांगा की तू आज जे सांगशील त्याची शिक्षा म्हणून खेळ बंद होणार नाही, जो निर्णय होईल तो डॉक्टरांशी बोलून होईल. मग विचारा, त्या हडलमध्ये तू गेलास त्याच्या आधीचं काय आठवतंय. आणि तो बोलायला लागला, चुकत-माकत, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी, तर मध्ये बोलू नका. त्याने सांगितलेलं सगळं घरी आल्यावर तारखेसकट लिहून ठेवा, डॉक्टरकडे जाताना तोच कागद बरोबर न्या. ड्रॉवरमधला दुसरा कागद तेवढे दिवस तिथेच राहू दे, शाळेला दोन ओळींचा ईमेल टाका की मेडिकल तपासणी चालू आहे, फॉर्म नंतर देतो. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.